तीन किलो ऐंशी

हॅलो?

हो, बाळंतिणींचा दवाखाना. स्तनपान कक्ष. सिस्टरच बोलतेय… जरा मोठ्यानं बोला हो, इथे एक बाळ काट्यावर आहे आणि तीन रांगेत, चौघांनीही एकदम सूर लावलाय…

कोण आजी?… अहो, दिवसाला वीस आज्या येतात इथे, मी कुणाकुणाला लक्षात ठेवू?… केकवाल्या! मग असं सांगा ना. तिसरा मजला, लिफ्ट बंद, दार उघडलं की ओव्हनची वाफ तोंडावर. आलं लक्षात. बोला आजी.

… बरं बाई, आजी नको. काकू. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असाल, मला तरी कुठे हौस आहे आजी म्हणायची. बोला काकू.

गुरुवारी येऊ नको? का, बाहेर जाताय सगळे?… नाही? मग?

'गरज नाही' म्हणजे काय? गरज आहे की नाही ते मी ठरवते. बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं तुमचं… चौदा दिवसांचं, तेच म्हणतेय मी. सहा आठवडे घरी येऊन बघायचं, असा नियमच आहे आमचा. त्यातून सूनबाई पहिलटकरीण, तिला कुणीतरी…

काय देताय?

बाटली?… कधीपासून?

दोन दिवस! वा! दोन दिवस बाटली लावलीत आणि मला आज सांगताय. तेही मी जिना चढून येऊ नये म्हणून!

नाही, नाही, थांबा तुम्ही… आधी माझं ऐका. चौथ्या दिवशी मी स्वतः आले होते. तासभर त्या मुलीच्या शेजारी बसून शिकवलं. बाळाला तोंड मोठं उघडू दे, हनुवटी टेकू दे, नुसतं टोक नको, काळा भाग आत जाऊ दे. सगळं जमलं होतं तिला. आणि वजन? अहो, ते वजन मी इथे भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवलंय! जन्माला आली तेव्हा तीन किलो, चौथ्या दिवशी तीन किलो ऐंशी ग्रॅम! बाकीच्यांची बाळं पहिल्या चार दिवसांत उतरतात, तुमची चढली! येणाऱ्या प्रत्येक बाईला मी तो आकडा बोट दाखवून दाखवते. आणि त्याच बाळाच्या तोंडात तुम्ही रबर…

घटलं? कुणाचं वजन घटलं?

काकू, काहीतरी बोलू नका. शंभर ग्रॅम?… कोण म्हणालं?… बाराव्या दिवशी. हां, मी रजेवर होते तेव्हा. वर्षातून चार दिवस रजा घेतली, तर पाठीमागे हा गोंधळ. कोण आली होती तुमच्याकडे? चष्मा लावणारी?

अगं ए, चष्मेवाली! इकडे ये जरा… ते बाळ गुंडाळून त्याच्या आईकडे दे आणि ये.

हां काकू. कार्ड आहे समोर? वाचा काय लिहिलंय ते… दोन किलो नऊशे ऐंशी. बरं… आणि तुम्ही ते कार्ड घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे गेलात… हो, तीन ऐंशीवरून दोन नऊशे ऐंशीवर उतरलेलं दिसलं तर त्यांची भुवई वर जाणारच. पण म्हणाले काय? त्यांचे शब्द सांगा, तुमचे नकोत.

'अंगावर पाजून झालं की थोडं बाहेरचं द्या.' ऐकलंत ना स्वतःच्या तोंडून? पाजून झालं की! पाजायचं बंद करा म्हणाले का?… नाही ना? मग बंद कुणी केलं?

तिनं? सूनबाईनं? आपणहून?

खरं सांगा हं काकू. लोकांच्या घरांत जाऊन मला तीस वर्षं झाली. सून आपणहून बंद करते ना, तेव्हा तिच्या डोक्यावर कुणीतरी मिरे वाटत असतं… झोंबलं? झोंबू दे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ती पाजत होती आणि दर पाच मिनिटांनी तुमचं डोकं दारातून आत. 'आलं का? भरलं का पोट? ह्याच बाजूला अजून किती वेळ?' अहो, तिथे दूध उतरत होतं, केक फुगत नव्हता!

… हो, बोलले. परत बोलीन.

काय केलंत?… परत सांगा, मला नीट ऐकू आलं नसेल… वाटीत पिळून काढायला लावलंत. आणि ती वाटी नेऊन ठेवली… केकच्या काट्यावर.

काकू!

… किती भरलं?… वीस ग्रॅम. आणि त्यावरून तुम्ही निकाल लावलात की दूध नाही. अहो, बाळ ओढतं तेवढं हातानं निघतं का कधी? आणि समोर सासू काटा घेऊन उभी! तिथे माझी हिंमत झाली नसती, ती तर कालची पोर. वीस ग्रॅम तरी कसे निघाले म्हणते मी!

नाही, तुम्हाला तोलायला शिकवत नाहीये मी. माहीत आहे… हो, भांडं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग मैदा. पंचवीस वर्षं करताय, एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नाही. अभिनंदन. मी तीस वर्षं बाळं तोलतेय, माझाही झाला नाही. झालं समाधान?

मुद्द्याचं बोला. आत्ता काय करतेय ती?… झोपलीय. झोपलीय की नुसती पडलीय?… भिंतीकडे तोंड करून. आणि बाळ?… तुमच्या मांडीवर, बाटली संपवून गाढ. वा, छान. आणि छाती?… तुमची नव्हे हो, तिची!… दगडासारखी. होणारच दगडासारखी. दोन दिवस आत साचतंय, जाणार कुठे? ताप आहे?… कपाळाला हात लावून नाही, थर्मामीटर लावून सांगा… सकाळी लावला होता, नव्हता. लाल चट्टा वगैरे?… तेही नाही. नशीब. आता एक करा, कोमट पाण्यात कपडा बुडवून…

कसली गोळी?

दूध आटवायची?… कुणी आणली?… मुलानं आणली. बायको रडून म्हणाली आणि हा घेऊन आला. डॉक्टरांना विचारलं तरी का?… विचारलं. बरं… नाही, ठीक आहे, विचारलं ना. गोळी कुठे आहे आत्ता?… टेबलावर. शेजारी पाण्याचा ग्लास. केव्हा घेणार म्हणतेय?… जेवली की. आणि जेवायला बसता तुम्ही?… एक वाजता.

सव्वाबारा झालेत काकू.

ती गोळी उचला. उचला आणि एखाद्या डब्यात टाका. साखरेच्या, मैद्याच्या, कशाच्याही… तिचा निर्णय आहे म्हणून मला सांगू नका!… हो, आईचाच असतो निर्णय. मान्य. तिला खरोखर पाजायचं नसेल ना, तर बाटली कशी उकळायची ते मी स्वतः येऊन शिकवीन, वर एक शब्द बोलणार नाही. पण तिला पाजायचंय की नाही, हे विचारलंय का तिला कुणी?

काय म्हणाली?

… परत सांगा.

'माझ्या दुधानं माझं बाळ सुकलं.'

असं म्हणाली. आणि तुम्ही काय म्हणालात त्यावर?… गप्प बसलात. शाबास. बाकी वेळ तोंडाचा पट्टा चालू आणि जिथे बोलायचं तिथे गप्प!

… काय आम्ही सगळ्या सारख्याच? कोण आम्ही? नर्सा?… का, तुमचं काय केलं कुणी?

कार्डावर लिहिलं होतं. काय?… 'आईला दूध नाही.' दहाव्या दिवशी… ह्याच मुलाच्या वेळी. बत्तीस वर्षं झाली. बरं, मग त्याला मी काय करू काकू? मी तेव्हा शिकत होते, इंजेक्शन संत्र्याला टोचत होते. बत्तीस वर्षांपूर्वीचं भांडण आज माझ्याशी काढताय?… अहो, तुम्हाला नसेल दूध, म्हणून तिलाही नसावं असं कुठे आहे?

… बरं, ते नको बोलायला हवं होतं. गेलं तोंडातून.

पण मला एक सांगा. गुरुवारी येऊ नका, एवढंच कळवायचं होतं तर मेसेज टाकायचा. नंबर आहे कार्डावर. फोन कशाला केलात? शिव्या खायला?

… ते निमित्त सांगू नका मला.

तुम्हालाही ती गोळी पोटात जायला नकोय काकू. कबूल करा नाहीतर करू नका… बरं, नका करू. मी विचारते त्याची उत्तरं द्या फक्त. बाटली लावायच्या आधी, दिवसाला लंगोट किती ओले व्हायचे?… अंदाज नको, दोरीवर कोण वाळत घालतं?… तुम्हीच ना? मग मोजले असतीलच, तुमचा स्वभाव आहे तो… आठ. कधी नऊ. आणि शी?… पातळ, पिवळी. चार वेळा. बाराव्या दिवसापर्यंत हेच?… तुमची खात्री आहे?

मग वजन घटेल कसं?

अहो, तेच म्हणतेय ना! नऊ लंगोट ओले होतात ते काय हवेवर? पोटात जातंय म्हणून बाहेर येतंय. एवढं जाणारं बाळ शंभर ग्रॅम उतरत नसतं. काहीतरी घोळ आहे. आणि घोळ कुणाचा ते मला दिसतंय, समोरच उभा आहे, चष्मा लावून.

काय गं? केकवाल्या काकूंच्या घरी बाराव्या दिवशी तू तोललंस ना बाळ? कसं तोललंस?… नाही, नाही, 'नेहमीसारखं' नको सांगू. तुझं नेहमीसारखं म्हणजे काय ते मला माहीत नाही. डोळ्यांवर दोन भिंगं आहेत ती कशाला, शोभेला?… उघडं करून. लंगोटसुद्धा काढून. दोनदा तोललं… आणि दोन्ही वेळेला तेवढंच. आणि काटा?… निघायच्या आधी एक किलोचं वजन ठेवून तपासला. वहीत सही आहे? आण वही… मला बघू दे.

आहे सही.

रडू नकोस. इथे आधीच चार जण रडतायत.

हां काकू, ती म्हणतेय तिनं बरोबर तोललं… काय म्हणालात? 'मग तुमचंच चुकलं असेल'? माझं?

काकू, हसू आणू नका. मी बाळ कपड्यात तोलत नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते…

कसलं दुपटं?

टोपीवालं. तुम्ही शिवलेलं, आतून कापूस भरलेलं. हो, छान होतं. त्याचं काय?

शक्य नाही.

… नाही, तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाचं सांगताय. मी तर… खिडकीची काच? हो, फुटली होती ती, पुठ्ठा लावला होता तुमच्या मुलानं. वारा आत येत होता, आठवतंय. आणि तुम्ही बाळाला उघडं करू देईनात. गारठेल, गारठेल म्हणून. भांडलो आपण, तेही आठवतंय. तुम्ही मला 'कसाईण' म्हणालात. मी म्हटलं, बरं बाई, राहू दे दुपट्यात, मी नंतर…

नंतर नुसतं दुपटं तोलते आणि वजा करते.

…

आहे. लाइनवरच आहे मी.

मग बाळानं भोकाड पसरलं. भुकेलं होतं. तसंच दुपट्यासकट सूनबाईच्या मांडीवर दिलं मी… तासभर तिला शिकवण्यात गेला… ते झोपलं, दुपट्यातच. मग मी कार्ड काढलं, काट्यावरचा आकडा डोक्यात होता, तो लिहिला. पिशवी उचलली. जिना उतरले.

काकू, मी वजा केलं होतं का? तुम्हाला आठवतंय?

… नाही. मलाही नाही आठवत. म्हणजे नाहीच केलं.

ते दुपटं घरात आहे? धुतलेलं, कोरडं?… घ्या. आणि केकचा काटा काढा… हो, आत्ता. बाळाला ठेवा गादीवर. आधी भांडं ठेवून… हो, शून्यावर. तुम्हाला काय सांगायचं मी. घडी घालून ठेवा, टोपी बाहेर लोंबू देऊ नका. किती?

परत ठेवा.

दोनशे ऐंशी.

… माहीत आहे गं मला तीन हजार ऐंशीतून दोनशे ऐंशी गेले की किती उरतात! तू नको सांगूस!

दोन आठशे. चौथ्या दिवशी दोन किलो आठशे होतं काकू तुमचं बाळ. सगळ्यांचं होतं तसंच. जन्मल्यावर थोडं उतरतं, मग चढतं. आणि बाराव्या दिवशी दोन नऊशे ऐंशी. म्हणजे आठ दिवसांत… घटलंच नाही. एकशे ऐंशी वाढलं. शंभर घटलं ते फक्त माझ्या अक्षरात.

… बोला.

… हो.

… हो, तेही खरं.

… नाही, तुम्ही बोला, मी ऐकतेय. तीस वर्षं मला माहीत आहे की चौथ्या दिवशी वजन असं चढत नाही. दुसऱ्या कुणाच्या कार्डावर बघितलं असतं तर तिला उभं-आडवं घेतलं असतं मी. माझं स्वतःचं होतं म्हणून फळ्यावर लिहायला धावले… होय, घमेंड. दुसरा शब्द नाही त्याला.

आता तिला फोन द्या… नाही, तुम्ही नका सांगू. मी सांगते… स्पीकरवर लावा ना, हरकत नाही, ऐकू दे तुम्हालाही. उठवा तिला. थांबते मी.

… अगं, तू काय अशी उभी राहिलीस? डस्टर दे तो… नको, तू नको पुसूस, मीच पुसते. किती जणींना दाखवला गं मी हा आकडा दहा दिवसांत?… तीस तरी असतील. काय म्हणायचे मी दाखवताना?… सांग, तुझ्या तोंडून ऐकायचंय मला… 'आई मनापासून पाजत असली की बाळ असं वाढतं.' असंच म्हणायचे ना? आणि काल ती जुळ्यांची आई, ह्याच फळ्याकडे बघून पदराआड डोळे पुसत होती, तिला मी म्हटलं नाटकं करू नकोस. तिचा नंबर काढ रजिस्टरमधून. सगळ्यांचे काढ… आणि मघाशी तुला बोलले ते…

हॅलो? हां, आलीस? मी सिस्टर बोलतेय. ऐक…

ठेवू नकोस! फोन ठेवू नकोस. शिकवायला नाही बोलावलं तुला… रागवायलाही नाही. मी चुकले, एवढंच सांगायचंय.

मी. तू नाही, मी… अगं, समजूत काढत नाहीये तुझी. समजूत काढायचा माझा स्वभाव आहे का? बघितलंयस ना मला?… चौथ्या दिवशी बाळाला मी दुपट्यासकट तोललं. दुपट्याचं वजन वजा करायचं विसरले. आत्ता सासूबाईंनी ते काट्यावर ठेवलं, दोनशे ऐंशी ग्रॅम आहे. विचार त्यांना, समोरच आहेत… म्हणजे ते तीन किलो ऐंशी खोटं होतं. घटलं नाही बाळ. कधीच घटलं नाही.

… ओरड. ओरड हवी तेवढी.

… हो. दोन दिवस.

… माहीत आहे मला. ते दोन दिवस मी परत आणून देऊ शकत नाही.

… नाही गं. एक थेंबही नव्हता तेव्हा बाहेरचा. तू पाजत होतीस फक्त. एकशे ऐंशी वाढलं, आठ दिवसांत… हो, तुझ्याच दुधानं… परत? एकशे ऐंशी… हो, वाढलं. परत सांगते, एकशे ऐंशी वाढलं. दहा वेळा विचार, दहा वेळा सांगीन.

गोळीचं तुझं तू ठरव. घ्यायची तर घे, टाकायची तर टाक, मी काही म्हणणार नाही. दमली असशील, नको वाटत असेल, तेही कारण असतं. फक्त माझ्या चुकलेल्या आकड्यावर घेऊ नकोस.

… येईल का म्हणजे? छाती दगड झालीय ना? मग आलेलंच आहे, बाहेर पडायला वाट नाही त्याला. आधी कोमट कपडा ठेव, मग हातानं थोडं काढून टोक मऊ कर, आणि मग लाव. दोन दिवस बाटलीची सवय झालीय, लगेच नाही धरायचं ते. तोंड फिरवेल, किंचाळेल. तुझ्यावर रुसलेलं नसतं ते, त्याला फक्त कष्ट नको झालेले असतात. परत लाव. आणि हे बघ, लंगोट मोजत राहा…

हॅलो? ऐकतेयस ना?… हॅलो?

काकू? ती कुठे गेली?… गादीवरून बाळ उचललं आणि खोलीत. आणि दार?… लावून घेतलं. कडी लावली. चांगलं केलं… रडतंय, हो, मला इथपर्यंत ऐकू येतंय. रडू दे. काकू, तुम्ही दारापासून बाजूला व्हा… तुम्ही दाराला कान लावून उभ्या आहात, मला न बघता दिसतंय. सरका. ओव्हनमध्ये काही नाही का तुमच्या आज?… मग ते बघा जा, करपेल.

गोळी कुठे आहे?… टेबलावरच. बरं. ती तिची आहे, तिथेच राहू दे.

… अजून रडतंय? असू दे. पहिल्या वेळी नाहीच धरत…

… थांबलं?

थांबलं म्हणजे कसं? दमून थांबलं की… काकू, परत दाराशी गेलात ना? बरं, आता गेलाच आहात तर ऐका. काय ऐकू येतंय?… गिळल्यासारखं. घोट घेतल्यासारखं, मध्ये थांबून. आणि ती?… ती रडतेय. रडू दे तिला. आता या इकडे, अजिबात ठोठावू नका. 'आलं का' विचारायचं नाही!

… माफी? मागितली की तिची, ऐकलंत ना स्पीकरवर… तुमची? तुमची कशाला? वाटी काट्यावर ठेवणाऱ्या बाईची मी माफी मागू?… बरं, मागते. चुकले… ऐकू आलं ना? चुकले म्हटलं! किती मोठ्यानं म्हणू? बाहेरच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेलं असेल.

तक्रार करणार? करा. लेखी करा, मोठ्या डॉक्टरांच्या नावानं. कागद मीच आत नेऊन देते. आणि गुरुवारी मी येत नाही, चष्मेवालीला पाठवते. ती उघडं करून तोलते, दोनदा…

मीच? मीच कशाला हवी आता?… तोंडावर बोलायला. बरं, येते. काच बसवून ठेवा तेवढी… काय? काटा तुम्ही मांडणार. मी नुसता आकडा वाचायचा. माझ्याच काट्यावर, माझ्यासमोर… बरं. बरं म्हटलं ना! शून्यावर तुम्हीच आणा.

काकू, ठेवू नका. एकच विचारते.

ते तुमचं कार्ड. मुलाच्या वेळचं. त्यावर वजनं लिहिली होती का?… आठवत नाही. नुसतं तेवढंच आठवतंय, लाल शाईतलं… नाही, काही नाही. म्हणजे, तेही माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलं असणार ना. बाहेर रांग असेल. खोली गार असेल, बाळ रडत असेल, कुणाशीतरी भांडण झालं असेल तिचं. तिनं लिहिलं आणि ती जिना उतरली. आणि तुम्ही बत्तीस वर्षं ते…

मला कसं माहीत असणार काकू? असेलही खरं. नसेलही.

हॅलो?

काकू?… ऐकू येतंय मला, आहात तुम्ही. बोला काहीतरी. शिव्या द्या हव्या तर…

काकू?

… ठेवला.